बझारुक : फिरंगाणांतील एका क्षुद्र नाण्याची कथा

आपल्याकडील जुन्या घराण्यांत सासूकडून सुनेकडे चालत आलेली पुतळ्यांची माळ पुष्कळ वाचकभगिनींच्या परिचयाची असेल. सोन्याच्या पातळ, वाटोळ्या चकत्या. त्यांच्या एका बाजूस समोरासमोर दोन मानवाकृति, दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबवर्तुळांत उभी असलेली एक मूर्ति. ज्याच्या त्याच्या भक्तीप्रमाणें या आकृतींस आपल्या देवतांचीं नांवेंहि मिळालेलीं आहेत. वस्तुतः ही घडण व्हेनिस येथील सुवर्णनाण्याची आहे. त्या दोन आकृतींपैकीं उभा आहे तो संत मार्क, त्याच्यापुढें गुडघे टेकून ध्वज स्वीकारणारा तो व्हेनिसचा अधिपति, आणि ताऱ्यांच्या वलयांतील मूर्ति प्रत्यक्ष येशू ख्रिस्ताची! सोवळ्यांत स्वयंपाक करणाऱ्या आमच्या आज्या-पणज्यांच्या गळ्यांत ख्रिस्ताची मूर्ति नांदत होती, आणि त्यामुळें कोणाचाहि धर्म बुडाला नाहीं. याचें कारण असें कीं, आमच्या सराफानें त्या नाण्यावरील देव पाहिला नव्हता, कस पाहिला होता. इ. स. १२८४ पासून व्हेनिसचें गणराज्य १७९७ मध्यें लयास जाईपर्यंत, म्हणजे पांचशें वर्षांहून अधिक काळ, या नाण्याचें वजन सुमारें साडेतीन ग्रॅम व सोनें जवळजवळ शुद्ध असेंच राहिलें.

मला आज सांगावयाचें आहे तें या श्रीमंत नाण्याविषयीं नव्हे, तर त्याच्या एका दरिद्री भाऊबंदाविषयीं. त्याच ख्रिस्ती धर्माचीं चिन्हें अंगावर वागवीत, त्याच शतकांत, आमच्या कोंकणकिनाऱ्यावर दुसरें एक नाणें फिरत होतें. तें सोन्याचें नव्हते, रुप्याचें नव्हते. पुष्कळदां धड तांब्याचेंहि नव्हते. त्याची माळ कोणीं केली नाहीं. त्याचें नांव बझारुक.

मी राहतों तें मोरा बंदर उरणच्या ज्या बेटवजा भूमीवर आहे तिला पूर्वीं करंजा म्हणत. समोर घारापुरी, पाठीशीं द्रोणागिरि, आणि भाऊच्या धक्क्यावरून येणारी लाँच हीच आमची जुनी वाट. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून वसईच्या मोहिमेपर्यंत (१७३७ ते १७३९) सुमारें दोनशें वर्षें ही भूमि पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. वसई, साष्टी, चौल, दमण या सर्व मुलुखास मिळून आमचे लोक फिरंगाण म्हणत. पुढें मराठे आले. १७७४ सालच्या अखेरीस इंग्रजांनीं साष्टीवर हात टाकला आणि पाठोपाठ करंजाहि घेतलें. १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांच्याकडेच राहिलें. एवढ्या धन्यांच्या हातांखालून गेलेल्या भूमींत त्या त्या धन्याची चिल्लर मातींत मिसळावी हें ओघानेंच आलें. द्रोणागिरीवर चर्चचे अवशेष उभे आहेत ते सर्वांस दिसतात. पायांखालची चिल्लर कोणास दिसत नाहीं.

प्रथम नांवाचा विचार करूं, कारण संस्कृत शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या माणसाची खोड मरेपर्यंत जात नाहीं. 'बझारुक' हा शब्द पोर्तुगीजांनीं आपल्या देशाहून आणलेला नाहीं. बाजार आणि रोख या दोन शब्दांपासून, कानडी उच्चाराच्या द्वारें, तो त्यांच्या जिभेवर बसला अशी व्युत्पत्ति विद्वान् सांगतात. म्हणजे बाजारांत चालणारा रोकडा पैसा. मुंबईच्या इंग्रजांनीं त्याचेंच 'बजग्रूक' केलें. पोर्तुगीजांच्या हिशेबांतील दुसरें नांव तंगा. तें आपलें टंक, ज्यापासून टांकसाळ शब्द झाला. तिसरें पर्दाव, तें दक्षिणेकडील नाण्यांवरील 'प्रताप' या अक्षरांचें फिरंगी रूप. चौथें शेराफीं, ती आपली अशर्फी. राज्य लिस्बनच्या राजाचें, चिन्ह ख्रिस्ती संताचें, आणि नांवें मात्र सगळीं येथल्या बाजारपेठेचीं! राजानें नाणें कोणत्याहि नांवानें पाडावें, भाजीवालीनें त्यास जें नांव दिलें तेंच टिकतें.

अठराव्या शतकांतील गोव्याचा हिशेब असा होता : पंचाहत्तर बझारुकांचा एक तंगा, पांच तंग्यांची एक शेराफीं, आणि दोन शेराफींचा एक रुपया. म्हणजे एका रुपयास साडेसातशें बझारुक. कवडीच्या वरची, पण फारशी वरची नव्हे, अशी याची पायरी. मिठागरावरील मजूर, मासळीवाली, ताडी काढणारा, देवळापुढील वा चर्चपुढील भिकारी, यांचा व्यवहार या पायरीवर चाले. रुपया त्यांच्या दृष्टीस सणावारीं पडला तर पडला.

आतां रूप पाहूं. धातु बहुधा कथील, शिसें, जस्त किंवा यांचें मिश्रण, कधीं तांबें. पोर्तुगीज कागदांत कथलास 'कलाईं' म्हणतात. आपल्या स्वयंपाकघरांतील कल्हई ती हीच. पूर्वेकडील समुद्रांतून येणाऱ्या एकाच धातूच्या नांवानें दोन घरीं बिऱ्हाड केलें आहे. चीनकडून येणाऱ्या जस्तास ते 'तुतिनाग' म्हणत. या मऊ, काळवंडणाऱ्या धातूंवर त्यांनीं संतांच्या खुणा उमटविल्या. गोवें १५१० च्या नोव्हेंबरच्या २५ तारखेस, संत कॅथरीनच्या दिवशीं, अल्बुकर्कनें घेतलें. म्हणून तिच्या छळाचें साधन जें चक्र तें नाण्यावर आलें, आणि अशा नाण्यास 'रोदा', म्हणजे चाक, म्हणूं लागले. सेबास्तियन नांवाच्या राजाच्या कारकीर्दींत त्याच नांवाच्या संताच्या देहांत रुतलेले बाण नाण्यावर आले. सिंहलद्वीपांतील नाण्यांवर संत लॉरेन्सला ज्या जाळीवर भाजलें ती जाळी दिसते. गोव्याच्या नाण्यावर ढालीच्या दोहों बाजूंस 'जी' आणि 'ए', दीवच्या नाण्यावर 'डी' आणि 'ओ' हीं रोमन अक्षरें असतात. दीवच्या कांहीं नाण्यांत क्रुसाच्या चार कोनांत सालाचे चार अंक एकेक करून बसविलेले असतात. लहान मुलांना तें कोडें फार आवडतें. चक्र आणि बाण हीं चिन्हें वस्तुतः आमच्याहि ओळखीचीं. चक्र पाहून एखाद्या वारकऱ्यानें तें विष्णूचें म्हणून भाळीं लावलें असेल तर मला नवल वाटणार नाहीं.

परंतु संताची खूण असली म्हणून नाण्याची पत राहत नाहीं, आणि येथूनच या कथेचें खरें दुःख सुरू होतें. १५८३ ते १५८८ या काळांत गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरीं लिन्स्खोतेन नांवाचा एक डच तरुण चिटणीस होता. त्यानें तेथल्या पैशाची हकीकत लिहून ठेविली आहे. तो सांगतो कीं, गोव्यांत पैसा मोजण्याच्या दोन रीति होत्या. एक चांगल्या पैशाची, दुसरी वाईट पैशाची. चार चांगले तंगे म्हणजे पांच वाईट तंगे. सर्वांत हलकें नाणें जें बझारुक, त्याचाहि हिशेब असाच दुहेरी. धर्माधिकाऱ्याच्या कचेरींत बसून लिहिणारा मनुष्य 'चांगला पैसा' आणि 'वाईट पैसा' हे शब्द असे सहज वापरतो, जणूं कांहीं तो ऋतुमानाचाच भेद आहे!

याचा अर्थ व्यवहारांत काय होतो तें संसारी माणसास फोडून सांगावयास नको. सोन्याचें नाणें परदेशीं जावयाचें असतें. त्याचा कस उतरला तर व्यापारी दुसऱ्या दिवशीं तें परत करतो आणि राजाची अब्रू जाते. चिल्लर मात्र गांवांतच फिरते. तिचा कस उतरला तर ती परत कोणाकडे करावयाची? राजाला टांकसाळींत थोडें शिसें अधिक घालून नफा काढतां येतो. सराफाला चांगल्या-वाईटाच्या फरकांत बट्टा काढतां येतो. आणि ज्याला दिवसाची मजुरी चिल्लरींतच मिळते व सारा मात्र रुप्यांत भरावा लागतो, त्याच्या पदरांतून हा दोघांचाहि नफा जातो. 'पगार' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला आहे. तो शब्द आमच्याकडे शिल्लक राहिला. ज्या नाण्यांत तो मिळे तीं नाणीं मात्र विरघळून गेलीं.

यांत केवळ फिरंग्यांस दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. मुंबईंत इंग्रजांची टांकसाळ १६७२ मध्यें निघाली, आणि अठराव्या शतकांत कंपनीनें हलक्या धातूचे जे मोठाले पैसे पाडले त्यांवर मुकुट आहे आणि इंग्लंडचा राजा व पार्लमेंट यांच्या आशीर्वादानें हें नाणें चालतें अशा अर्थाची लॅटिन ओळ आहे. आशीर्वाद दोघांचा, धातु कथील! त्यामानानें आमची तांब्याची शिवराई बरी. तिच्यावर अलंकार नाहीं, चित्र नाहीं, नुसतीं ओबडधोबड अक्षरें. पण ठोक तांबें हातांत येई. पेशवाई गेली, इंग्रजी अमदानी स्थिरावली, तरी खेड्यापाड्यांतून शिवराई चालत राहिली. आमच्या लोकांनीं तिला राजनिष्ठेनें धरून ठेवलें असें कोणी म्हणतात. मला वाटतें, तांब्यासाठीं धरून ठेवलें असावें.

येथें कोणी विचारील कीं, फिरंगाणांतील सत्ता राजाची कीं धर्मपीठाची? कायद्यानें ती राजाची होती. पूर्वेकडील चर्चचें पालकत्वहि पोपनें पोर्तुगालच्या राजाकडेच सोपविलेलें होतें. पण जेसुइटादि संघांच्या हातीं जमिनी व गांवें होतीं, आणि गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं थोडीं वर्षें सोडून, धर्मन्यायालयाचा धाक होता. प्रजेला या दोन हातांतील भेद फारसा कळत नसावा. मग माझ्या मनांत असें आलें कीं, जेथें राजा आणि धर्मगुरु हे एकच, अशा खऱ्याखुऱ्या धर्मराज्यांत गरिबाची चिल्लर कशी होती? तें पाहण्यासाठीं रोमचीं लहान नाणीं मिळवावयास लागलों. मुंबईंत फोर्ट भागांत जुन्या नाण्यांचे विक्रेते आहेत. त्यांच्याकडे परदेशी चिल्लरीचा एक ढीग नेहमीं दुर्लक्षित पडलेला असतो. त्यांत धीर धरून बसलें कीं अधूनमधून रोम हातीं लागतें.

पोप हा १८७० पर्यंत केवळ धर्मगुरु नव्हता, राजाहि होता. अठराव्या शतकांत बोलोन्यापासून नेपल्सच्या सीमेपर्यंत मध्य इटलीचा मोठा पट्टा त्याच्या अमलाखालीं होता. तेथील हिशेब असा : पांच क्वात्रीनोंचा एक बायोक्को, शंभर बायोक्कींचा एक रुप्याचा स्कूदो. क्वात्रीनो म्हणजे तेथला बझारुक. बोटाच्या पेराएवढी तांब्याची चकती; एका बाजूस पोपच्या घराण्याची ढाल, वर तिहेरी मुकुट व एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन किल्ल्या; दुसऱ्या बाजूस एखादा संत, किंवा पंचवीस वर्षांनीं येणाऱ्या महोत्सवाच्या प्रसंगीं उघडला जाणारा पवित्र दरवाजा. सालाऐवजीं पुष्कळदां पोपच्या कारकीर्दीचें वर्ष दिलेलें असतें; राज्याभिषेकशकाची आठवण असलेल्या आपल्या लोकांस ही पद्धत परकी वाटणार नाहीं.

यांतील एक प्रकार मला विशेष प्रिय आहे. एक पोप वारला आणि दुसरा निवडला गेला नाहीं अशा रिकाम्या गादीच्या दिवसांतहि टांकसाळ चाले. तेव्हां ढालीवर मुकुटाच्या जागीं एक छत्री उघडलेली दाखवीत, आणि तिच्याखालीं दोन किल्ल्या. १७४० सालीं अशी गादी सहा महिने रिकामी होती. छत्र आहे, छत्रपति नाहीं! मनुष्य गेला तरी पद मरत नाहीं ही गोष्ट एवढ्याशा धातूवर इतक्या थोडक्यांत सांगितलेली मीं अन्यत्र पाहिली नाहीं.

पोपच्या लहान रुप्याच्या नाण्यांवर आणखी एक मौज आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत अकराव्या इनोसंटनें, आणि पुढें बाराव्या क्लेमेंटनें व चौदाव्या बेनेडिक्टनें, नाण्यांवर द्रव्याची निंदा करणारीं व दानाची आठवण देणारीं वचनें घातलीं. इनोसंटच्या एका अगदीं लहान नाण्यावर 'हें कमी अपाय करतें' अशा अर्थाचे दोनच शब्द आहेत. मोठें नाणें मोठा अपाय करतें, लहान नाणें लहान. असा त्यांतील ध्वनि. पैशावरच पैशाची निंदा कोरण्याचें हें धैर्य पाहून आमच्या सुभाषितकारांनीं मान डोलावली असती.

पण हेंहि धर्मराज्य अखेरीस त्याच वाटेनें गेलें. सहाव्या पायसच्या कारकीर्दींत खजिना रिता झाला, कागदी हुंड्यांचा भाव कोसळला, आणि नेपोलियनच्या फौजा दाराशीं आल्या. १७९७ च्या फेब्रुवारींत तोलेंतीनोच्या तहानें जबर खंडणी व बोलोन्यासारखे प्रांत द्यावे लागले. या वर्षांत रोमखेरीज लहानलहान गांवांतूनहि टांकसाळी निघाल्या आणि तांब्याचा पूर आला. अडीच बायोक्कींच्या नाण्यावर संत पीटरचें मस्तक, पांच बायोक्कींच्या नाण्यावर मेरीमातेचें. लोक त्यांस लाडानें 'साम्पिएत्रीनो' आणि 'मादोन्नीना' म्हणत. वर माउली, आंत तुटीचा हिशेब! धान्यविक्या माउलीला नमस्कार करून भाव वाढवून सांगे. १७९८ च्या फेब्रुवारींत रोममध्यें प्रजासत्ताक पुकारलें गेलें आणि पुढील वर्षीं पायस फ्रान्समध्यें कैदेंतच वारला. माझ्याजवळ एक मादोन्नीना आहे. मेरीमातेचें नाक झिजून सपाट झालें आहे. पण ती झीज हातांची आहे कीं ओठांची, तें नाणें सांगत नाहीं.

असो. पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येऊं. वसई १७३९ च्या मे महिन्यांत पडली तेव्हां चर्चमधील घंटा मराठ्यांनीं आणल्या आणि देवळांत टांगल्या. नाशिकास नारोशंकराच्या देवळावरची १७२१ सालची घंटा, वाईजवळ मेणवलीस असलेली १७०७ सालची घंटा, पुष्कळांनीं पाहिल्या असतील. घंटा मोठी, नादवती. तिला नवा देव मिळाला. त्याच लुटींत, त्याच बाजारांत, पोतींच्या पोतीं बझारुक असले पाहिजेत. त्यांस कोणी देव दिला नाहीं. ते मुशींत गेले आणि त्यांची कल्हई झाली, जाळ्यांचीं वजनें झालीं, बंदुकीच्या गोळ्या झाल्या.

या नाण्यांचा पहिला मोठा अभ्यास करणारा मनुष्य आपल्यापैकींच होता, ही गोष्ट सांगितलीच पाहिजे. डॉ. जोझे जर्सन द कुन्हा (१८४४–१९००) हे मूळचे गोव्याचे, मुंबईंत वैद्यकी करणारे. चौल व वसईच्या इतिहासावर त्यांनीं १८७६ मध्यें ग्रंथ लिहिला आणि पुढील दशकाच्या आरंभीं पोर्तुगीज हिंदुस्थानच्या नाण्यांवर निबंधमाला प्रसिद्ध केली. रोगी तपासून उरलेल्या वेळांत हा गृहस्थ शिशाच्या झिजक्या चकत्या भिंगाखालीं धरून बसे. आजहि या विषयावर लिहिणारास त्यांचें नांव टाळतां येत नाहीं.

माझा संग्रह त्यांच्यापुढें मुंगीएवढा आहे. बझारुक व त्यांच्या जातीचीं मिळून चाळीसेक. कांहीं विकत घेतले, कांहीं उरणच्या कल्हईवाल्यानें वितळविण्यापूर्वीं बाजूस काढून दिले. एक आमच्या बंदरावरील कोळीणआजीकडून आला. तिच्या घरीं तो जाळ्याच्या शिशांत कित्येक वर्षें पडून होता. मीं विचारलें, "आजी, याचे काय देऊं?" ती म्हणाली, "मास्तर, बाजारांत याला कोण पुसतो? तुम्हीं पोरांना शिकवलें, तुम्हींच ठेवा." मीं आग्रहानें पैसे दिले. घरीं आणून पुतण्याच्या भिंगाखालीं धरला तेव्हां चाकाचे आरे दिसले. सोनाराच्या कांट्यावर तोलला, नोंद केली. या एका नाण्याची किंमत मला इतर सर्वांहून अधिक वाटते, कारण तें कोणत्या घरांतून व कशांतून आलें हें मला ठाऊक आहे. विकत घेतलेल्या बाकीच्यांस धातु आहे, चिन्ह आहे, पण गांव नाहीं. ज्या नाण्याचें गांव हरवलें त्यानें इतिहासाला सांगावयाची निम्मी साक्ष हरवली.

म्हणून ज्या घरांतून अशी चिल्लर असेल त्यांस चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. देवघरांतील जुन्या डब्यांत, आजीच्या बटव्यांत, बारशाच्या गोफांत ओंवलेलीं भोंकाचीं नाणीं असतात; तीं एकदां पाहावींत. देवांचीं उपकरणीं घासतांना तीं चिंचेनें वा रांगोळीनें मुळींच घासूं नयेत. चिंचेच्या आंबटानें तांबें उजळतें, पण अक्षरें खातें. शिसें आणि जस्त यांची तर मातीच होते. शिशाचें नाणें लांकडाच्या पेटींत किंवा पुठ्ठ्याच्या डबींत ठेवलें तर लांकडांतील आम्ल वाफांनीं त्यावर पांढरी भुकटी धरते; किनाऱ्याच्या खाऱ्या हवेंत तें अधिकच. कोरड्या, स्वच्छ प्लॅस्टिकच्या लहान पिशवींत एकेक नाणें निराळें ठेवावें, आणि शिसें हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय मुलांस खाऊ देऊं नये.

कायद्याचेंहि भान असावें. जमिनींत पुरलेला व दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सांपडला तर १८७८ च्या निखातनिधि कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास कळवावें लागतें; आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तु परवान्यावांचून परदेशीं पाठविणें १९७२ च्या कायद्यानें मना आहे. परदेशांतील भाच्याला आठवण म्हणून पाकिटांत घालून द्यावयाची ही वस्तु नव्हे. कसलें नाणें तें उमगत नसेल तर मुंबईंत रिझर्व्ह बँकेचें नाणेसंग्रहालय आहे. तेथें मुलांसह एक दुपार घालवावी, म्हणजे डोळा तयार होतो.

आणि प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी असूं द्यावी. तिच्यावर मोठें कांहीं लिहावयाचें नाहीं : कोणाच्या घरांतून, कोणत्या गांवीं, कशांतून निघालें, कोणत्या सालीं, वजन किती. आमच्या चाकाच्या बझारुकाच्या चिठ्ठीवर पुतण्यानें 'मोरा, जाळ्याचें शिसें' एवढेंच लिहिलें आहे. वजनाचा आंकडा पेन्सिलीनें आहे, कारण सोनाराचा कांटा व टपालकचेरीचा कांटा यांचें अद्याप जमलेलें नाहीं.